जुन्या स्टुडिओ फोटोतल्या बायका आणि मुलं: आधी विचारा, पैसे कोणी दिले?

मुंबई-पुण्याकडचे एकोणिसाव्या शतकातले फोटो आज जगभरच्या संग्रहांत विखुरलेले आहेत. बरेचसे घरबसल्या पाहता येतात. शोधायला लागलं की नऊवारीतल्या, नथ घातलेल्या, कडेवर किंवा मांडीवर मूल घेतलेल्या बायका एकामागून एक समोर येतात. खाली ओळ असते: ‘मराठा स्त्री’, ‘ब्राह्मण स्त्रिया’, ‘बाई आणि मूल’. फोटोग्राफरचं नाव पुष्कळदा असतं. बाईचं जवळजवळ कधीच नसतं.

अगदी तसाच फोटो, तसाच रंगवलेला पडदा, तशीच कोरीव खुर्ची, एखाद्या घरच्या ट्रंकेत सापडतो आणि त्या घरातलं कुणीतरी सांगतं, ‘ही आमची पणजी, मांडीवर आजोबा.’ दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर फरक ओळखू येणार नाही. तरी पहिल्यात एक नमुना उरला आहे आणि दुसऱ्यात एक माणूस. हे कसं झालं, ते समजून घ्यायचं तर मला एक प्रश्न सगळ्यांत उपयोगी वाटतो: या फोटोचे पैसे कोणी दिले?

फोटो तेव्हा आपोआप निघत नसे. काच, रसायनं, सोनं-चांदीचे क्षार, कागद, कुशल माणूस, काचेच्या छताची खोली, सगळं महाग होतं. कुणीतरी खर्च करत होतं आणि खर्च करणाऱ्याला काहीतरी हवं होतं. बाई कशी बसेल, काय नेसेल, खाली काय लिहिलं जाईल, हे बहुतेक त्यावरून ठरलं.

पहिला गिऱ्हाईक होता साहेब. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांत होते, म्हणजे आपली माणसं या विद्येत अगदी आरंभापासून आहेत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. याच सुमारास विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन हे एक फोटो-नियतकालिक काढत होते. ‘पश्चिम हिंदुस्थानातले पेहराव आणि माणसं’ अशा धर्तीची मालिकाच त्यात चाले. पुढे जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. सरकारी पातळीवर याहून मोठा उद्योग झाला: ‘द पीपल ऑफ इंडिया’, आठ खंड, १८६८ ते १८७५. त्याला वेग आला तो १८५७ नंतर. ज्यांच्यावर राज्य करायचं ते लोक आहेत तरी कोण, याची जंत्री राज्यकर्त्यांना हवी होती.

जंत्रीत नाव लागत नाही, गट लागतो. एका फोटोवरून सगळी जात ओळखता यावी ही अपेक्षा, त्यामुळे बाईचं नाव विचारण्याचं कारणच नव्हतं. जॉन्सनच्या त्या खंडांतली आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. त्यातली माणसं आणि त्यांच्यामागचं दृश्य पुष्कळदा वेगवेगळ्या वेळी टिपलेलं आहे. माणसांचा फोटो एकीकडे घेतला, देवळाचा किंवा रस्त्याचा दुसरीकडे, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलं. सावल्यांच्या दिशा जुळत नाहीत, पाय जमिनीवर नीट टेकलेले वाटत नाहीत. म्हणजे ‘अमुक जातीच्या स्त्रिया, देवळाजवळ’ या चित्रातल्या स्त्रिया त्या देवळाजवळ कधी गेल्याही नसतील.

जातीचं लेबलही जपून वाचावं. १८५०-६०च्या दशकांत घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातली बाई परक्या पुरुषासमोर, त्याच्या यंत्रासमोर बसणं जवळपास अशक्य होतं. मग बसायचं कोण? ज्यांना पैशांची गरज होती, ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं, किंवा ज्यांचा व्यवसायच चारचौघांत दिसण्याचा होता. कलावंतिणी, मोलकरणी, कष्टकरी बायका. खाली काय छापलं यावरून समोर कोण बसलं होतं हे सिद्ध होत नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळू. पैसे देणाऱ्याच्या इच्छेइतकीच रसायनाचीही सत्ता या चेहऱ्यांवर चालली, आणि ती माहीत नसली की आपण फोटो साफ चुकीचा वाचतो.

१८५१ पासून पुढची साधारण तीस वर्षं ओल्या काचेची पद्धत चालली. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती झटपट वाळे. वीज नव्हती, म्हणून उत्तरेकडे काचेचं छप्पर असलेल्या खोलीत, दिवसाच्या उजेडात फोटो निघे. पावसाळ्यात उजेड कमी, म्हणून बसणाऱ्याला जास्त वेळ निश्चल राहावं लागे. काही सेकंद श्वास धरल्यासारखं बसायचं तर हसू टिकत नाही. जुन्या फोटोतल्या बायका ‘दुःखी’ दिसतात असं पुष्कळ जण म्हणतात. त्यांच्या आयुष्यात दुःख होतंच, पण त्याचा पुरावा या ताठ चेहऱ्यात शोधू नये. डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी स्टँड लावत. उभ्या माणसाच्या फोटोत पायांच्या मागे नीट पाहिलं तर त्या स्टँडची बैठक कित्येकदा दिसते.

रंगांचं प्रकरण याहून महत्त्वाचं. त्या काळच्या काचा प्रामुख्याने निळ्या-जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत. हिरव्याला कमी, पिवळ्याला त्याहून कमी, लालला जवळजवळ नाहीच. काचेला ज्या रंगाची जाणीव होत नाही तो छापलेल्या फोटोत गडद उतरतो. म्हणून लाल कुंकू काळं दिसतं. लाल लुगडं काळं, हिरवा चुडा काळा, सोन्याचा दागिना चमकेल तेवढा भाग सोडला तर काळपट. निळं वस्त्र मात्र फिकट, कधी पांढरटच. एखाद्या फोटोतली बाई काळं लुगडं नेसली आहे असं लिहिलेलं असेल तर ते लुगडं प्रत्यक्षात लालभडक असू शकतं. हिंदुस्थानी कातडीचा रंगही तांबूस-पिवळ्या छटांचा, त्यामुळे चेहरे होते त्यापेक्षा सावळे उतरले. त्यावर उपाय म्हणून स्टुडिओत पावडर लावली जाई, नंतर काचेवर पेन्सिलीने हात फिरवून चेहरा उजळ केला जाई. पणजी गोरी होती की काळी, हा आपल्या घरांत विनाकारण रंगणारा वाद या फोटोंवरून मिटणार नाही.

१८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेत विशिष्ट रंगद्रव्य मिसळून ती हिरव्या-पिवळ्यालाही संवेदनशील करता येते हे दाखवलं. लालसकट सगळे रंग पकडणाऱ्या काचा बाजारात आल्या १९०६ च्या सुमारास, आणि त्यानंतरही बरीच वर्षं जुन्या प्रकारचा माल स्टुडिओत चालत राहिला. तेव्हा विसाव्या शतकातल्या फोटोतही मोठ्या बाईच्या कपाळावरचा काळा ठिपका बहुधा कुंकवाचाच आहे असं धरून चालायला हरकत नाही.

फोटो स्वस्त कसे झाले, तेही यातच येतं. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याचं पेटंट घेतलं. भेटकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर डकवलेले हे फोटो वाटता येत, पत्रातून पाठवता येत. १८६० च्या दशकाच्या मध्यापासून त्याहून मोठं, साधारण अकरा बाय साडेसोळा सेंटिमीटरचं कॅबिनेट कार्ड आलं. मग कोरड्या, आधीच तयार करून ठेवलेल्या काचा आल्या आणि सेकंदांचा हिशेब खूपच खाली आला. इथून पुढे मध्यमवर्गीय घर स्टुडिओचं दुसरं गिऱ्हाईक झालं.

तरी बाई स्टुडिओत पोचायला वेळ लागला. हैदराबादला फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये फक्त स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला श्रीमती केनी-लेविक या युरोपीय बाईंना नेमलं. भिंतीआड, पुरुषाची नजर पडणार नाही अशी सोय होती, म्हणून पडद्यातल्या बायका तिथे आल्या. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अंगातली ताकद ओढली जाते, ही भीती तर सगळीकडे होती. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गुजरातेत फोटोग्राफीचा व्यवसाय करत होते. त्यांच्याही धंद्याला याच समजुतीने खीळ बसली.

घरच्या फोटोचे पैसे देणारा म्हणजे बहुतेक नवरा, सासरा किंवा बाप. त्याला आपलं घर कसं दिसावं असं वाटत होतं, ते फोटोत उतरलं आहे. नवरा खुर्चीत, बायको शेजारी उभी. अंगावर घरातले सगळे दागिने, क्वचित मागून आणलेलेही. मागे नाटक कंपनीच्या पडद्याची आठवण यावी असा बागेचा किंवा खांबांचा पडदा. आणि बाईच्या हातात पुस्तक. हे पुस्तक मला नेहमी थांबवतं. पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली १८८४ साली आणि मुलींनी शिकावं की नाही यावर तेव्हा वर्तमानपत्रांतून भांडणं चालू होती. त्या दिवसांत बायकोच्या हातात पुस्तक देऊन फोटो काढणं म्हणजे घराने त्या वादात जाहीर बाजू घेणं होतं. तिला ते वाचता येत होतं का, हे फोटो सांगत नाही.

फोटोत कोण नाही, तेही पाहावं. घरच्या स्टुडिओ फोटोत विधवा फार क्वचित दिसते. फोटो ही सवाष्णीने नटूनथटून काढायची गोष्ट होती. त्यामुळे पंडिता रमाबाई आणि मुलगी मनोरमा यांचे फोटो वेगळे उठून दिसतात. रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या, मनोरमा तेव्हा तान्ही होती. या फोटोंत शेजारी पुरुष नाही, दागिने नाहीत, कुंकू नाही, आणि तरीही हा एक पूर्ण कुटुंबाचा फोटो आहे. रमाबाईंच्या कामाला इंग्लंड-अमेरिकेतून मदत येई आणि तिकडच्या पाठीराख्यांना त्यांचं दर्शन फोटोतूनच घडे. इथे पाहणारा परका होता, पण काय दिसावं हे ठरवण्यात रमाबाईंचाही हात होता, असं मला त्यांचं एकूण करारी आयुष्य पाहता वाटतं.

मुलांचे फोटो वाचणं याहून अवघड. मूल हलणारच, म्हणून कितीतरी फोटोंत हाताच्या जागी धूसर पट्टा असतो. तान्ह्याला धरायला आई लागे, पण फोटो फक्त मुलाचा हवा असे. अशा वेळी आई पाठीमागे लपे किंवा अंगावरून चादर घेऊन बसे. युरोपातल्या फोटोंत ही चादरीखालची आई सर्रास सापडते. आपल्याकडच्या फोटोतही मुलाच्या काखेखाली बांगड्यांचा एखादा हात दिसला तर तो तिचा समजावा.

मुलगा की मुलगी, हे कपड्यांवरून आणि दागिन्यांवरून ओळखायला जाऊ नका. जावळ काढेपर्यंत मुलग्याचेही केस वाढलेले असत, कधी त्यांची वेणी घातलेली असे. वाळे, बिंदल्या, साखळ्या दोघांनाही. कानाच्या वरच्या पाळीत भिकबाळी दिसली तर मुलगा असण्याची शक्यता जास्त. नाकात चमकी दिसली तरी मुलगीच असेल असं नाही. आधीची मुलं दगावली असतील तर पुढच्या मुलग्याला दृष्ट लागू नये म्हणून त्याचं नाक टोचत, नथू, दगडू, धोंडू अशी नावं ठेवत. अशा फोटोत मुलाच्या अंगावरचा दागिना आईबापांच्या भीतीतून आलेला असतो. गालावर किंवा कपाळावर काळा ठिपका असेल तर ती तीट की कुंकू, हेही कळत नाही. वर सांगितलं तसं दोन्ही फोटोत काळंच.

याच्या पुढची गोष्ट लिहिताना मला जड जातं. अनेक फोटोंच्या खाली जिला ‘मुलगी’ म्हटलेलं आहे तिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. आठ-दहा वर्षांची, नऊवारी अंगाला पेलत नाही, शेजारी वीस-पंचवीस वर्षांचा पुरुष. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठीची वयोमर्यादा बारा वर्षांवर नेली तीही केवढ्या गदारोळात, आणि मुलीच्या लग्नासाठी किमान चौदा वर्षं ठरवणारा सारडा कायदा आला १९२९ मध्ये. म्हणजे ‘बायका आणि मुलं’ अशी जी वर्गवारी संग्रहांत केलेली असते तिचे दोन कप्पे आपल्या फोटोंत नीट वेगळे होतच नाहीत. बाळ मांडीवर घेतलेली ती पोर मोठी बहीण आहे की आई, हे अनेकदा सांगता येणार नाही.

आनंदीबाई जोशी यांचं उदाहरण इथेच येतं. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, ते दहा दिवसांत गेलं. १० ऑक्टोबर १८८५ चा त्यांचा एक फोटो फिलाडेल्फियात काढलेला आहे, पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात. तिघी विद्यार्थिनी: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली. आपापल्या देशच्या पोशाखात तिघींना एकत्र बसवलं आहे, म्हणजे मांडणी त्या जंत्रीसारखीच, पूर्वेकडच्या स्त्रियांचे तीन नमुने. पण खाली तिघींची नावं आहेत. तेवढ्याने फोटोचं सगळं पालटलं. नावं होती म्हणून लोक त्यांच्या मागे गेले, पत्रं शोधली, चरित्रं लिहिली. आनंदीबाई पुढच्या मार्चमध्ये पदवीधर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस पूर्ण व्हायच्या आत वारल्या. हा फोटो आज आपल्याला त्यांचा म्हणून ओळखता येतो.

तिसरा गिऱ्हाईक बाजार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रं छापलेल्या पोस्टकार्डांची लाट आली. मुंबईची क्लिफ्टन अँड कंपनी अशी कार्डं काढणाऱ्यांतली एक होती. जुने स्टुडिओ फोटो यात पुन्हा पुन्हा छापले गेले, वर हाताने रंगवले गेले, आणि एकच बाई वेगवेगळ्या मथळ्यांखाली विकली गेली. पोस्टकार्डावरचा मथळा हा सगळ्यांत कच्चा पुरावा. त्यावरून कुणाच्या पोशाखाचा किंवा जातीचा इतिहास लिहू नये.

पुढे १९३०-४० पासून स्टुडिओ गावोगावी झाले आणि बाईच्या आयुष्यातले ठरावीक टप्पे तिथे टिपले जाऊ लागले. स्थळांना पाठवायचा फोटो, दोन वेण्या पुढे घेऊन, तिपाईवर हात ठेवून. पहिल्या संक्रांतीचा, काळ्या साडीवर हलव्याचे दागिने. हे पांढरेशुभ्र दागिने कृष्णधवल फोटोत फार सुंदर उठतात. डोहाळजेवणाचा, पुठ्ठ्याच्या चंद्रकोरीत किंवा फुलांच्या झोपाळ्यावर. मुलग्याचा मुंजीतला, दंड आणि झोळीसकट. हे फोटो अजून आपल्या घरांत आहेत आणि संग्रहालयांकडे नाहीत. म्हणूनच त्यांची जबाबदारी आपली आहे.

सगळ्यांत तातडीचं काम नावांचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलत असे, त्यामुळे एकाच बाईचा लहानपणचा फोटो एका नावाने आणि संसारातला दुसऱ्याच नावाने ओळखला जातो. दोन पिढ्यांनी त्या दोन वेगळ्या बायका होऊन बसतात. घरातल्या सगळ्यांत वयस्कर आजी-आत्यांना फोटो दाखवा, माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं विचारा, मुलांची पाळण्यातली आणि हाक मारायची नावंही विचारा. त्या सांगत असताना फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा. एक नाव निघालं की बरोबर दहा गोष्टी निघतात.

फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका. शाई दुसऱ्या बाजूला उमटते आणि दाबाने चेहऱ्यावर वळ उठतात. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. नाहीतर वेगळ्या कागदावर लिहून फोटोसोबत ठेवा. स्कॅन करताना दोन्ही बाजू घ्या. पाठीवर छापलेला स्टुडिओचा पत्ता, मिळालेली पदकं, नक्षीकाम यांवरून साल ठरवायला मदत होते. अगदी पातळ, पिवळसर, सोनेरी-तपकिरी कागद जाड पुठ्ठ्यावर डकवलेला असेल तर तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमिन फोटो असू शकतो, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकातला. लॅमिनेशन कधीही करू नका, सेलोटेप लावू नका. बाहेरच्या, पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर मूळ फोटो टांगू नका, तिथे प्रत लावा. मूळ फोटो आम्लविरहित कागदात गुंडाळून, कोरड्या कपाटात मधल्या कप्प्यात ठेवा. बुरशी किंवा कसर लागलेला फोटो बाकीच्यांपासून आधी वेगळा करा. आणि फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो स्वतः ओढून काढायला जाऊ नका. काचेसकट स्कॅन करून घ्या आणि संग्रहालयाच्या जतन विभागात काम करणाऱ्या माणसाला दाखवा.